ऑर्केस्ट्रात वाजवून आणि शिकवून मोठं होता येतं का? फेर्डिनांड डाविडची कारकीर्द

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी वेस्टर्न व्हायोलिन शिकते, तिला ऑर्केस्ट्रात वाजवायचंय आणि पुढे शिकवायचंय. घरचे म्हणतात, एकटीनं स्टेज गाजवलं तरच नाव होतं, रांगेत बसून वाजवणाऱ्याला कोण ओळखतं? तिचे सर जर्मनीला जा म्हणतात, म्हणून तुम्हाला तिथलंच एखादं उदाहरण हवंय.

मीही व्हायोलिनच शिकवतो आणि हा प्रश्न पालकांकडून मला नेहमी ऐकू येतो. माझं उत्तर दरवेळी तेच असतं: फेर्डिनांड डाविड. लाइपझिगच्या गेवांडहाउस ऑर्केस्ट्रात हा माणूस 1836 पासून 1873 मध्ये मृत्यू येईपर्यंत पहिल्या खुर्चीवर होता. सदतीस वर्षं, एकच नोकरी. आणि आज जगात कुठेही कुणी गंभीरपणे व्हायोलिन शिकत असेल, तर त्याच्या हातात डाविडचं काही ना काही येतंच.

डाविड 1810 मध्ये हांबुर्गला जन्मला. संगीतकार मेंडेल्सोन त्याच्या आदल्या वर्षी त्याच घरात जन्मला होता. योगायोगच, पण पुढे दोघांची जी गट्टी जमली ती बघता लिहिल्यावाचून राहवत नाही. तेराव्या वर्षी डाविड कासेलला व्हायोलिनवादक लुई स्पोरकडे शिकायला गेला. तुमच्या मुलीच्या व्हायोलिनला हनुवटी टेकवायची जी छोटी पट्टी असते ना, ती याच स्पोरनं काढली. डाविडची बहीण लुईझ उत्तम पियानो वाजवायची, दोघा भावंडांनी लहानपणी मिळून कार्यक्रम केले. मग बर्लिनमधल्या एका थिएटरच्या ऑर्केस्ट्रात साधी वादकाची नोकरी, तिथेच मेंडेल्सोनशी मैत्री. 1829 पासून काही वर्षं तो डोर्पाटला होता, म्हणजे आजच्या एस्टोनियातल्या तार्तूला. तिथल्या लिफार्ट नावाच्या सरदाराच्या पदरी चार वादकांचं क्वार्टेट होतं, त्यात पहिलं व्हायोलिन डाविडचं. त्या सरदाराच्या मुलीशीच त्याचं लग्न झालं. मधूनमधून रीगा, सेंट पीटर्सबर्ग, मॉस्को असे सोलो दौरेही केले. म्हणजे एकट्यानं वाजवून नाव कमवायचा रस्ता त्याला मोकळा होता. तरीही 1835 मध्ये मेंडेल्सोन गेवांडहाउसचा प्रमुख झाला आणि त्यानं बोलावलं, तेव्हा डाविड लाइपझिगला आला आणि तिथलाच झाला.

आता ही पहिली खुर्ची म्हणजे काय, ते नीट सांगतो, कारण तुमच्या घरच्यांचा गैरसमज तिथेच आहे. त्या खुर्चीवरच्या माणसाला कॉन्सर्टमास्टर म्हणतात. पहिल्या व्हायोलिनच्या सगळ्या वादकांनी गज कुठे वर न्यायचा, कुठे खाली, कुठल्या जोरानं, एका गजात किती स्वर घ्यायचे, हे तो ठरवतो आणि पेन्सिलनं कागदावर लिहून देतो. व्हिओला, चेलोवाले आपले गज त्याच्याशी जुळवून घेतात. रचनेत मध्येच व्हायोलिनचा एकल तुकडा आला की तो त्यानंच वाजवायचा. लाइपझिगमध्ये तर मेंडेल्सोन येईपर्यंत सिंफनी, म्हणजे ऑर्केस्ट्राच्या मोठ्या रचना, चालवायचं कामच कॉन्सर्टमास्टरचं होतं, तो आपल्या जागेवरून व्हायोलिन वाजवतच सगळ्यांना पुढे न्यायचा. मेंडेल्सोननं छडी हातात घेतली तेव्हा संगीतकार शुमानला ते खटकलंही होतं. ऑर्केस्ट्रा प्रजासत्ताकासारखा असावा असं त्याचं मत. छडी आली तरी आतून वादकांना बांधून ठेवायला कुणीतरी लागतंच, आणि ते काम डाविडकडे आलं.

ते त्यानं कसं केलं असेल, याचा अंदाज त्या काळात तिथे पहिल्यांदा वाजलेल्या रचनांवरून येतो. शुबर्टची सी मेजरमधली मोठी सिंफनी 1839 मध्ये तिथे पहिल्यांदा वाजली. तिच्या शेवटच्या भागात व्हायोलिनवाले एकच लय धरून पानंच्या पानं धावत असतात. शुमानची दुसरी सिंफनी 1846 मध्ये तिथेच. तिचा स्केर्झो, म्हणजे जलद दुसरा भाग, मुलीला आजच यूट्यूबवर ऐकवा. पहिल्या व्हायोलिनना जवळजवळ श्वास घ्यायला जागा नाही, सगळ्यांनी मिळून बारीक, झरझर स्वर सुईच्या टोकावर उभे केल्यासारखे वाजवायचे आणि शेवटी वरच्या पट्टीत चढत जायचं. जर्मनीतच काय, कुठल्याही चांगल्या ऑर्केस्ट्राच्या निवड चाचणीत व्हायोलिनवाल्यांना हा तुकडा हटकून विचारतात. भल्याभल्यांचा हात तिथे घट्ट होतो. तो पहिल्यांदा ज्या व्हायोलिन विभागानं वाजवला, त्याचा प्रमुख डाविड होता. सोलो वादकाला एवढी अवघड गोष्ट दहा-पंधरा जणांशी एकजीव होऊन वाजवावी लागत नाही. माझ्या लेखी ती वेगळी आणि तितकीच मोठी कला आहे.

पण डाविडचं नाव सगळ्यात जास्त घेतलं जातं ते मेंडेल्सोनच्या व्हायोलिन कॉन्चेर्टोमुळे. कॉन्चेर्टो म्हणजे एक सोलो वाद्य आणि ऑर्केस्ट्रा यांनी मिळून वाजवायची रचना. 1838 च्या जुलैमध्ये मेंडेल्सोननं त्याला पत्र लिहिलं: पुढच्या हिवाळ्यात तुझ्यासाठी एक कॉन्चेर्टो लिहावा म्हणतोय, ई मायनरमधला एक डोक्यात फिरतोय आणि त्याची सुरुवात मला स्वस्थ बसू देत नाही. तो पुरा व्हायला 1844 चा सप्टेंबर उजाडला. मधल्या काळात डाविड त्याला सल्ला देत होता, काय हाताला बसतं, काय बसत नाही. पुरा झाल्यावरही मेंडेल्सोनला चैन नव्हती. त्याच डिसेंबरात त्यानं पुन्हा पत्र लिहून विचारलं, कडेन्झा (सोलो वादकानं एकट्यानं वाजवायचा तुकडा) बदललाय, तो वाजवता येतोय ना, बरोबरचा ऑर्केस्ट्रा व्हायोलिनला झाकत तर नाही ना. 13 मार्च 1845 ला गेवांडहाउसमध्ये डाविडनं तो पहिल्यांदा वाजवला. मेंडेल्सोन आजारी होता, म्हणून संचालन नील्स गाडे या संगीतकारानं केलं.

या कॉन्चेर्टोतल्या दोन जागा मी विद्यार्थ्यांना मुद्दाम दाखवतो. पहिल्या भागात दुसरी, शांत धून येते, ती क्लॅरिनेट आणि बासऱ्या वाजवतात. सोलो व्हायोलिन त्या वेळी काय करतं? सगळ्यात जाड, खालची जी ची तार मोकळी लावून एकच स्वर धरून ठेवतं. ज्याच्यासाठी कॉन्चेर्टो लिहिला तोच बाकीच्यांच्या धुनेखाली षड्ज लावल्यासारखा थांबतो. दुसरी जागा कडेन्झाच्या शेवटी. एरवी कडेन्झा म्हणजे सोलो वादकानं भागाच्या अखेरीला एकट्यानं कसब दाखवायचं आणि मग ऑर्केस्ट्रानं जोरात समारोप करायचा, अशी रीत होती. मेंडेल्सोननं तो भागाच्या मधोमध आणला. शेवटी गज चारही तारांवर उडता ठेवून व्हायोलिन झुळझुळत राहतं आणि त्याखालून ऑर्केस्ट्रा हळूच मूळ धून घेऊन परत येतो. सोलो वादक न थांबता साथीला आलेला असतो. हा कॉन्चेर्टो ऑर्केस्ट्रात आयुष्य काढणाऱ्या मित्रासाठी लिहिलाय, हे मला या दोन जागांत स्वच्छ ऐकू येतं.

आता शिक्षक डाविड. लाइपझिगचं कॉन्झर्वेटोरियम, म्हणजे संगीत विद्यालय, 1843 च्या एप्रिलमध्ये सुरू झालं, मेंडेल्सोनच्या पुढाकारानं. पहिल्या शिक्षकांत शुमान होता, रचनाशास्त्राला हाउप्टमान होता आणि व्हायोलिनला डाविड. शिकवायला पुस्तकं हवीत, तर त्यानं त्याच वर्षी बाखच्या एकल व्हायोलिनच्या सहा रचना संपादून छापल्या, कॉन्झर्वेटोरियमच्या वापरासाठी असं मुखपृष्ठावरच लिहून. त्या आवृत्तीचं पान बघण्यासारखं आहे. वरच्या ओळीत डाविडनं घातलेल्या गजाच्या खुणा आणि बोटांचे आकडे, आणि खाली बारीक टायपात बाखचं मूळ जसंच्या तसं. विद्यार्थ्याला डाविडचं पटलं नाही तर मूळ समोर आहे, त्यानं स्वतः ठरवावं. 1843 मध्ये असं संपादन करणं ही मोठी सचोटीची गोष्ट होती. त्याआधी, 1840 मध्ये, बाखची शाकोन, ही एकल व्हायोलिनची एक लांब रचना, त्यानं गेवांडहाउसमध्ये मेंडेल्सोनच्या पियानोच्या साथीनं वाजवली होती. लोकांना तेव्हा एकट्या व्हायोलिनचं एवढं मोठं काही ऐकायची सवय नव्हती.

नंतरच्या संपादनांत मात्र त्यानं हात बराच सैल सोडला. जुन्या इटालियन वगैरे रचनांचा त्याचा जो मोठा संग्रह 1860 च्या दशकात निघाला, त्यात त्यानं स्वतःच्या मनाचं पुष्कळ घातलंय. व्हिताली या नावानं जी शाकोन सगळे वाजवतात, ती त्याच संग्रहातून लोकांपुढे आली. आजच्या अभ्यासकांना ही ढवळाढवळ मान्य नाही आणि मलाही नाही. पण ते संगीत धूळ खात पडलं होतं, ते त्यानं वर्गात आणलं, हेही तितकंच खरं.

विद्यार्थ्यांपैकी सगळ्यात गाजला योझेफ योआखिम. तो बारा वर्षांचा असताना लाइपझिगला आला. पाया व्हिएन्नात योझेफ ब्योमकडे पक्का झालेला होता. मेंडेल्सोन म्हणाला, याला शाळेत घालायची गरज नाही, यानं डाविडपुढे अधूनमधून वाजवावं आणि हाउप्टमानकडे रचनाशास्त्र शिकावं. योआखिम पुढे बर्लिनच्या संगीत विद्यालयाचा प्रमुख झाला, त्याच्याकडे लिओपोल्ड आउअर शिकला, आणि आउअरकडे याशा हायफेट्झ. डाविडचं ग्वार्नेरी व्हायोलिन 1922 मध्ये हायफेट्झकडेच गेलं आणि त्यानं ते जन्मभर वाजवलं. आता ते सॅन फ्रान्सिस्कोच्या संग्रहालयाच्या मालकीचं आहे. दुसरा विद्यार्थी आउगुस्ट विल्हेल्मी, 1876 मध्ये बायरॉइटला वाग्नरची रिंग ही ऑपेरांची मालिका पहिल्यांदा सादर झाली तेव्हा तिथला कॉन्सर्टमास्टर. तिसरा हेन्री श्रादीक. बोटं मोकळी करायचं त्याचं सरावाचं पुस्तक बहुतेक तुमच्या मुलीच्या स्टँडवर असेलच, माझ्या विद्यार्थ्यांच्या असतं. डाविडनंतर काही वर्षं श्रादीकही गेवांडहाउसचा कॉन्सर्टमास्टर होता.

ट्रोम्बोनवाल्यांनाही डाविड माहीत असतो, हे ऐकून अनेकांना नवल वाटतं. ऑर्केस्ट्रातला सहकारी कार्ल क्वाइसर याच्यासाठी त्यानं एक कॉन्चेर्टीनो, म्हणजे छोटा कॉन्चेर्टो, लिहिला, 1837 चा. आज जगभर ट्रोम्बोनच्या निवड चाचण्यांत तो वाजवायला लावतात. स्वतः वाजवत नाही त्या वाद्यासाठी इतकं चपखल लिहिता येतं, कारण रोज तालमीला त्याच्यासोबत बसलेलं असतं.

1873 च्या जुलैमध्ये स्वित्झर्लंडला क्लोस्टर्सजवळ मुलांबरोबर डोंगरात फिरायला गेला असताना डाविड वारला. तोवर नोकरीत होता.

आता तुमच्या मुलीपुरतं. जर्मनीला जायचं तर लाइपझिगचा विचार जरूर करा. ते कॉन्झर्वेटोरियम आज मेंडेल्सोनच्याच नावाचं विद्यालय आहे. गेवांडहाउस ऑर्केस्ट्राची अकादमीही त्याच्याशी जोडलेली आहे, तिथे शिकता शिकता ऑर्केस्ट्रात बसायला मिळतं. हा ऑर्केस्ट्रा अजूनही तीन जागी वाजवतो: स्वतःच्या सभागृहात, ऑपेरात, आणि बाखच्या थॉमस चर्चमध्ये. चाचणीत मोत्सार्टचा कॉन्चेर्टो आणि ऑर्केस्ट्राचे तुकडे विचारतात, पहिली फेरी बऱ्याच ठिकाणी पडद्याआडून असते, आणि निवड झाली तरी सहसा वर्षभर पारखून मगच कायम करतात. म्हणून आत्तापासून सरांना सांगून ऑर्केस्ट्राच्या तुकड्यांचा सराव सुरू करा, शुमानच्या त्या स्केर्झोपासून, अगदी संथ लयीत. मुंबईत सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाचे कार्यक्रम एनसीपीएच्या सभागृहात होतात, तिला घेऊन जा. जागा पुढची, डावीकडची घ्या, म्हणजे कॉन्सर्टमास्टरचा उजवा हात दिसेल.