आधी पेरणीची वही, मग खोल्या

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद.

गावात पर्यटन सुरू करायचा तुझा आराखडा वाचला. आठ खोल्या, कारंजं, झोपाळे, कमानीवर दिवे. गावासाठीची तुझी कळकळ त्यात दिसते, म्हणूनच स्पष्ट लिहितो: पहिल्या वर्षी यातलं काहीही बांधू नकोस. आपल्या सोलापुरात होळीनंतर रानात उभं राहवत नाही. पाहुणा येतो तो डिसेंबर ते फेब्रुवारी. तीन महिन्यांच्या कमाईवर बारा महिन्यांचे हप्ते फिटत नाहीत.

दुसरा प्रश्न पाण्याचा. जल जीवन मिशन गावातल्या माणसामागे रोज 55 लिटर धरतं. मुक्कामी पाहुण्याची आंघोळ, संडास आणि चादरींची धुणी धरली तर त्याच्या दुप्पट पाणी सहज जातं. उन्हाळ्यात टँकर लागणाऱ्या गावात हा फरक शेवटी बायकांच्या डोक्यावरच्या हंड्यात येतो. म्हणून गावातल्या तीन विहिरी निवड आणि दर पंधरा दिवसांनी दोरी सोडून पातळी मोज. जानेवारीअखेर किती पाणी उरतं हे कळेपर्यंत मुक्काम नको. सकाळी 9 ते संध्याकाळी 5 एवढीच सहल ठेव.

या सहलीचा कणा म्हणजे हुरडा, ज्वारीची कोवळी कणसं भाजून काढलेला दाणा. बहुतेक ठिकाणी चूक होते ती पेरणीतच. सगळं रान एकाच वाफशावर (पेरणीजोग्या ओलीवर) पेरलं की सगळी कणसं एकदम भरतात. हुरडा आठेक दिवस चांगला लागतो, मग दाणा कडक होतो आणि पुढच्या रविवारी आलेल्यांना बाजारातून आणलेला शिळा हुरडा द्यावा लागतो. ते लगेच ओळखतात. त्यासाठी गूळभेंडी किंवा सुरती या हुरड्याच्या ज्वारीचे दोन-दोन गुंठ्यांचे चार तुकडे कर आणि 15 सप्टेंबरपासून दर आठ-दहा दिवसांनी एकेक पेर. पेरणीपासून नव्वद-पंचाण्णव दिवस धरले तर डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापासून जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत कोणता ना कोणता तुकडा तयार असतो. 45 बाय 15 सेंटिमीटरवर गुंठ्यात ज्वारीची सुमारे 1,500 ताटं बसतात. माणशी पाच कणसं धरली तर 50 जणांना दिवसाला 250 लागतील. दोन गुंठे जास्त वाटतील, पण पाखरांचा वाटा सोडावाच लागतो. कणसं भरू लागली की गोफणवाला राखणदार हवा. चिकटा (मावा किडीचा चिकट थर) पडला तरी या तुकड्यांवर फवारणी नाही. दाणा चोळून थेट तोंडात जाणार आहे, हे राखणदारालाही सांगून ठेव.

कणीस काढायचं कधी? दाणा नखाने दाब. दूध उडालं तर दोन दिवस थांब. नख मऊ कणकेत रुतावं तसं रुतलं तर आजच काढ. नख उमटलंच नाही तर ते कणीस हुरड्याचं राहिलं नाही, पिकून ज्वारीचं झालं.

आगटी, म्हणजे कणसं भाजायचा खड्डा, वीतभर खोल आणि दीड हात रुंद घे. पंधरा-वीस गोवऱ्या पेटवून जाळ पूर्ण बसू दे. जाळावर भाजलं की वरचं कूस करपतं आणि दाणा आत कच्चा राहतो. कणसं फुफाट्यात (गरम राखेत) पुरून, फिरवत तीन-चार मिनिटं ठेवायची आणि गरम असतानाच चोळायची. पाहुण्याच्या तळहातावर तो हिरवा, वाफाळता दाणा पडतो, त्या क्षणासाठीच तो शंभर किलोमीटर आलेला असतो. सोबत शेंगाचटणी, गूळ आणि दही पुरे. आगटी कडब्याच्या गंजीपासून तीस फूट लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला घे. शेजारी पाण्याच्या दोन बादल्या भरलेल्या असू देत.

जेवणाचं गणित चुलीवरून मांड. एका चुलीवर एक बाई तासाला साधारण 25 भाकरी थापून भाजते. 50 जणांना 100 भाकरी लागतात, म्हणजे एका तासात उरकायला चार चुली हव्यात. ऐनवेळी माणसं वाढतातच, तेव्हा आदल्या दिवशीची कडक भाकरी उपयोगी पडते. स्टीलची 60 ताटं घे आणि खरकट्या पाण्यासाठी शोषखड्डा कर.

पैशाचं आधीच ठरव, कारण गावं फुटतात ती इथेच. माणशी 500 घेतलेस तर 200 स्वयंपाक करणाऱ्या बचत गटाला (किराणा त्यातूनच), 150 शेतमालकाला, 80 वाटाड्या नि राखणदाराला, 70 गावनिधीला. हे ग्रामसभेत मंजूर करून घे आणि दर महिन्याचा हिशेब पंचायतीच्या भिंतीवर लाव. कृषी पर्यटनाचं राज्याचं धोरण 2020 पासून आहे. पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी कर, स्वयंपाकासाठी अन्न सुरक्षा नोंदणीही.

आता आसपासची ठिकाणं. नान्नजचा माळ (माळढोक अभयारण्य) ही पडीक जमीन नव्हे. काळवीट, लांडगा, धाविक पक्षी यांचं ते घर आहे. हिवाळ्यात भोवत्या हे शिकारी पक्षी संध्याकाळी गवतात जमिनीवरच उतरतात. त्यामुळे वनखात्याच्या परवानगीशिवाय आत शिरायचं नाही आणि गाडी रस्ता सोडून घालायची नाही. पाहुण्यांच्या हातून माळावर झाडंही लावू नकोस. हेतू चांगला असतो, पण झाडं वाढली की गवताळ माळावरचे पक्षी निघून जातात.

हत्तरसंग कुडलला भीमा-सीनेच्या संगमावर शके 940, म्हणजे 1018 चा मराठी शिलालेख आहे. अक्षरं उठून दिसावीत म्हणून लोक त्यावर खडू किंवा हळद घासतात. त्याने दगड खराब होतो. वाटाड्याच्या हाती टॉर्च दे. उजेड बाजूने, तिरका टाकला की अक्षरं आपोआप उठतात.

उजनी धरणात रोहित पक्षी (फ्लेमिंगो) दाखवायला नाव घेतलीस तर प्रत्येकाच्या अंगावर जीवरक्षक जॅकेट हवंच, आणि वारा सुटला की फेरी बंद. मे 2024 मध्ये कुगाव–कळाशीच्या पाण्यात वादळाने बोट उलटून सहा जण गेले.

पेरणीला अजून महिना आहे. चार तुकड्यांचा नकाशा आणि तीन विहिरींच्या पातळ्या वहीत उतरव आणि मला पाठव.

तुझा,
काका