सिस्टरताईंना विचारा: मी दगड होत चाललेय का?

प्रश्न: ताई, मी जीएनएमच्या (नर्सिंगच्या डिप्लोमाच्या) सेकंड इयरला आहे, परळला हॉस्टेलवर राहते. फर्स्ट इयरला पहिल्यांदा वॉर्डात डेथ बघितली तेव्हा दोन दिवस घास गेला नव्हता. परवा मेडिसिन वॉर्डात बारा नंबरच्या बेडवरचे एक आजोबा गेले, मी मावशींबरोबर बॉडी पॅक केली, हात धुतले आणि मेसमध्ये पोटभर जेवले. रात्री घरी फोनवर बोलता बोलता तोंडातून गेलं की आमचा बारा नंबर एक्स्पायर झाला, तर आई म्हणाली अगं, त्यांना नाव नव्हतं का? तेव्हापासून नीट झोप नाही. या शिक्षणाने माणूस असा होतो का?

उत्तर: जेवलीस ते बरंच केलंस. पहिल्या वेळी रडू येतं त्यात त्या पेशंटबद्दलची माया थोडी आणि आपल्याला बसलेला धसका जास्त असतो, तो धसका गेलाय, माया गेलीय असं नाही. पण आईने बोट मात्र बरोबर जागी ठेवलंय. फंडामेंटल्सच्या तासाला आपण नावाने हाक मारा, स्क्रीन लावा, आधी समजावून सांगा हेच शिकवतो, त्याचे प्रॅक्टिकलला मार्कही असतात. बारा नंबर शिकवतो तो वॉर्ड, जिथे खाली गाद्या टाकून पेशंट ठेवलेत, सिस्टर एकटी आहे, आणि सीनियर जसं बोलतात तसं महिनाभरात आपल्या तोंडात बसतं. मीही अशीच शिकले. नव्वदच्या दशकात एचआयव्हीची एक बाई होती तिला नुसता पाण्याचा ग्लास द्यायला मी डबल ग्लोव्हज घालून गेले, पुस्तकात स्पर्शाने पसरत नाही हे वाचून पासही झाले होते तरी. आमच्या वॉर्ड सिस्टर काही बोलल्या नाहीत, उघड्या हाताने तिचे केस विंचरत बसल्या. त्या दिवशी मला तो चॅप्टर कळला, आणि माझ्या ग्लोव्हजकडे बघताना त्या बाईचा चेहरा कसा झाला होता ते अजून डोळ्यासमोरून जात नाही.

तुझ्या परळचंच बघ ना. केईएम हॉस्पिटलमधल्या नर्स अरुणा शानबाग यांच्यावर १९७३ मध्ये हल्ला झाला आणि त्या अंथरुणाला खिळल्या, त्यानंतर २०१५ पर्यंत, ४२ वर्षं, तिथल्या सिस्टरांनी त्यांना सांभाळलं आणि अंगावर बेडसोर, म्हणजे पडून राहून होणारी जखम, होऊ दिला नाही. त्यातल्या कितीतरी जणी १९७३ ला जन्मल्याही नव्हत्या! दर थोड्या वेळाने कूस बदलणं, बॅक केअर, भरवणं, हे सगळं फर्स्ट इयरचंच काम आहे गं, रोज रडून ते ४२ वर्षं झालं नसतं.

आता एक विचारते, रागावू नकोस. केअर प्लॅन, म्हणजे पेशंटची अडचण आणि त्यावर काय करायचं ते लिहायचं असतं ते, सीनियरच्या फाइलवरून उतरवतेस ना? सगळ्याच उतरवतात, प्रत्येक पेशंटखाली तीच ओळ, हॉस्पिटलमध्ये आल्यामुळे अँक्झायटी. ते आधी बंद कर. स्पंज देताना विचार, काका, कसली काळजी लागलीय? कुणाला भाड्याची टॅक्सी दुसऱ्याला जाईल याची असते, कुणाला घरी एकटी राहिलेल्या बायकोची. तेच लिही. ड्यूटी बदलताना हँडओव्हरला आधी नाव घे, मग बेड नंबर. आणि त्या आजोबांचं नाव रजिस्टरमध्ये असेल, ते बघून आईला सांग.

प्रश्न: मुलीची टीबी वॉर्डला पोस्टिंग लागलीय, रद्द करून घेऊ का? घरी तिचं ताट वेगळं ठेवायचं का?
— एक आई, लालबाग

उत्तर: ताट अजिबात वेगळं ठेवू नका. टीबी ताटावाटीतून नाही, खोकल्यातून हवेत पसरतो. वॉर्डात एन-९५ मास्क नीट बसवून घालायचा, खिडक्या उघड्या ठेवायच्या, आणि दोन आठवड्यांच्या वर खोकला राहिला तर लगेच तपासून घ्यायचं. औषध लागू पडलं की पेशंटकडून होणारा संसर्गही झपाट्याने कमी होतो. पोस्टिंग करू द्या तिला. तिथल्या पेशंटांची ताटं त्यांच्या घरी आधीच वेगळी झालेली असतात, ते तिला जवळून बघू दे.