तटस्थ, अलिप्त की उदासीन?

प्रश्न असा आहे: पहिल्या महायुद्धावरच्या तीन मराठी लेखांपैकी एकात १९१७ पर्यंतची अमेरिका 'तटस्थ' आहे, दुसऱ्यात 'अलिप्त' आणि तिसऱ्यात 'उदासीन'. तिन्ही शब्द चालतील का? आणि पुढे ती युद्धात 'पडली' म्हणायचे की 'उतरली'?

चालवून घेतले तर चालतात. मला मात्र त्यातला एकच पटतो.

तट म्हणजे काठ. तटस्थ म्हणजे काठावर उभा असलेला. पाण्यात दोघांची झोंबाझोंबी चालली आहे आणि याचे पाय कोरडे. जुन्या मराठीत तटस्थ होणे म्हणजे थक्क होऊन थिजणे असाही अर्थ होता, 'ते पाहून सगळे तटस्थ झाले' असा. तो आता मागे पडला. उरला तो कायद्याचा अर्थ: कुठल्याच बाजूने न लढणारे राष्ट्र. ऑगस्ट १९१४ मध्ये अध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी देशबांधवांना कृतीने आणि विचारानेही तटस्थ राहा असे सांगितले, तेव्हा अमेरिका या अर्थाने तटस्थ होतीच. १९०७ च्या हेग करारानुसार तटस्थ देशातल्या खासगी व्यापाऱ्यांनी लढणाऱ्यांना शस्त्रे विकली, तरी ती विक्री थांबवण्याचे बंधन त्या देशावर नव्हते. म्हणजे काठावर उभे राहून दुकान मांडायला हरकत नाही!

अलिप्तचे तसे नाही. लिप् म्हणजे माखणे. लेप, लिंपणे हे त्याच घरातले. संसाराचा लिप्ताळाही तिथलाच. अलिप्त म्हणजे ज्याला काही चिकटलेले नाही तो. आता अमेरिकेचे हात बघा. परराष्ट्रमंत्री विल्यम ब्रायन यांनी सुरुवातीलाच बजावले होते की निषिद्ध मालात (म्हणजे शत्रूला पोचू नये म्हणून युद्धात जप्त करता येणाऱ्या मालात) पैसा सर्वांत वाईट, कारण बाकी सगळ्यावर त्याचाच हुकूम चालतो. १९१५ च्या जूनमध्ये ते पदावरून गेले आणि ऑक्टोबरात ब्रिटन-फ्रान्सला ५० कोटी डॉलरचे कर्ज मिळाले. १९१७ च्या एप्रिलपर्यंत दोस्तांकडे अडकलेली रक्कम २ अब्ज डॉलरच्या वर गेली होती. जर्मनीला दिलेले ३ कोटींच्याही आत. एवढे माखल्यावर अलिप्त कसले? तटस्थ होती, अलिप्त नव्हती. तुमच्या दुसऱ्या लेखकाचा शब्द मी खोडीन.

(अलिप्त राष्ट्रांची चळवळ, १९६१, बेलग्रेड, ही गोष्ट निराळी. तिथे कुठल्या लष्करी गटाला चिकटायचे नाही एवढाच अर्थ. मत द्यायचे नाही असा नव्हे. नेहरू अलिप्तता म्हणजे तटस्थता नव्हे, असे सांगत, ते यासाठीच.)

उदासीन हा शब्द तर फार घसरला. आज उदासीन म्हणजे ज्याला कशाचे काही वाटत नाही असा, नाहीतर चेहरा पाडून बसलेला. पण उद् + आसीन म्हणजे वर किंवा बाजूला बसलेला. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातला उदासीन राजा हा सगळ्यांपासून दूर, सगळ्यांहून बलवान, आणि भांडणाऱ्यांपैकी कोणावरही अनुग्रह करायला किंवा एकेकटे गाठून त्यांना आवरायला समर्थ. समुद्रापलीकडच्या श्रीमंत राष्ट्राचे इतके नेमके वर्णन दुसरे मला माहीत नाही. पण हा अर्थ मनात धरून शब्द वापरलात तर तळटीप द्यावी लागेल. नाहीतर वाचक अमेरिका खिन्न होती असे समजेल.

आता क्रियापद. इथे लेखकाची बाजू कळते. 'पडणे' आपण भानगडीत पडतो, कर्जात पडतो, तसे. 'दूरच्या युद्धात श्रीमंत राष्ट्राने पडावे का?' असे विचारले की उत्तर 'नको' असेच येणार. 'मदतीला धावून जावे का?' विचारा, 'हो' येईल. 'उतरणे' ठरवून, आखाड्यात उतरावे तसे. 'उडी घेणे' यात उतावळेपणा आहे. 'ओढली जाणे' म्हणजे पाण्याला ओढ होती, आमचा इलाज नव्हता. ६ एप्रिल १९१७ ची घटना एकच: अमेरिकेने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले. पाणबुड्यांनी बुडवलेली जहाजे आणि मेक्सिकोला अमेरिकेविरुद्ध चिथावणारी जर्मन परराष्ट्रमंत्री झिमरमानची तार पुढे ठेवणारा 'ओढली गेली' म्हणेल. युद्धाला विरोध करणारे सिनेटर जॉर्ज नॉरिस, जे आपण झेंड्यावर डॉलरचे चिन्ह काढायला निघालो आहोत असे म्हणाले, ते हे क्रियापद कधीच मान्य करणार नाहीत. सिनेटमध्ये ८२ विरुद्ध ६ आणि प्रतिनिधिगृहात ३७३ विरुद्ध ५० अशी मते मोजून घेतलेला निर्णय होता, म्हणून मी 'उतरली' लिहीन.

'पडणे' टाळायला आणखी एक कारण आहे. युद्धात राष्ट्र पडते म्हणजे सामील होते. शिपाई पडतो म्हणजे मरतो. एकाच परिच्छेदात दोन्ही आले की घोटाळा. त्या युद्धात अमेरिकेचे सुमारे १ लाख १६ हजार सैनिक गेले, आणि त्यांतले निम्म्याहून अधिक लढाईत नव्हे, मुख्यतः आजाराने. त्यामुळे सरसकट 'धारातीर्थी पडले' असेही लिहू नका. 'मृत्युमुखी पडले' पुरे.