निकालाचे दिवस, वाजणारा फोन

प्रश्न : विद्यापीठाच्या परीक्षा विभागात वरिष्ठ लिपिक आहे. निकालाच्या दिवसांत खिडकीवर विद्यार्थी, कानाला फोन आणि वर साहेबांचे तोंडी आदेश. शेजारच्या कंत्राटी सहकाऱ्याशीही खटके उडतात. बदली मागू का?

उत्तर : अर्ज महिनाभर खिशातच ठेवा. 2016 च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याप्रमाणे परीक्षा संपल्यावर 30, फार तर 45 दिवसांत निकाल लावायचा असतो. उत्तरपत्रिका उशिरा तपासून येतात, तारीख हलत नाही, आणि मधली ओढाताण तुमच्या टेबलावर येते. कामाच्या ताणाचे अभ्यासक रॉबर्ट कारासेक यांनी 1979 मध्ये हेच मांडलं : कामाचा रेटा मोठा आणि ते कसं करायचं हे ठरवण्याची मुभा कमी, तिथे ताण सर्वाधिक. रेटा तुमच्या हातात नाही. मुभा थोडी मिळवता येते.

दहा दिवस वहीत तीन रकाने भरा : वेळ, कोण काय विचारायला आलं, हातातलं काम किती मिनिटं थांबलं. ‘माझा निकाल राखीव का?’ हा प्रश्न वारंवार दिसला, तर राखीव आसनक्रमांक कारणासह (अंतर्गत गुण आले नाहीत, क्रमांक चुकला) रोज संध्याकाळी महाविद्यालयांना पाठवा, नावं नकोत. खिडकी 11 ते 1. दुपारी 2 ते 4 दुरुस्त्या, तेव्हा फोन आळीपाळीने दुसऱ्याकडे. हे परस्पर सुरू केलं की पहिल्याच तक्रारीला मोडतं, म्हणून आधी एकपानी टिप्पणीवर अधिकाऱ्यांची सही घ्या. ‘कामाचा बोजा फार’ असं लिहिलेली टिप्पणी पडून राहते. वहीतले तास मांडले की साहेबांना काहीतरी शेरा मारावाच लागतो.

तोंडी सूचना त्याच दिवशी दोन ओळींच्या ईमेलने कळवून ठेवा. गुणांना मात्र लेखी आदेशाशिवाय हात लावू नका, कितीही घाई असो.

सहकाऱ्याचं म्हणाल, तर काम तुमच्याएवढंच, पगार कमी, वर करार संपायची धास्ती. रविवार नेहमी त्याच्याच वाट्याला येतो का, हे आधी पाहा. पाळ्या भिंतीवर लावा, त्याने केलेल्या कामाच्या टिप्पणीत त्याचं नाव घाला. समोसे मागवून हे भागत नाही.

सुट्टीनंतरही थकवा उतरत नसेल, कामाचा तिटकारा आला असेल, हातून काहीच नीट होत नाही असं वाटत असेल, तर बदलीचा अर्ज जरूर द्या. झोपच उडाली असेल, तर आधी टेलि-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, 14416.