शिगेला, शिंगेला आणि थराला

एका वाचकाचा प्रश्न आहे. अमेरिकेच्या २०२४च्या अध्यक्षीय निवडणुकीवरच्या मराठी चर्चांत शेवटच्या आठवड्यात कुणी 'प्रचार शिगेला पोहोचला' म्हणत होतं, कुणी 'शिंगेला'. बरोबर काय? आणि 'या थराला गेला' म्हणणारे तेच सांगत असतात का?

'शिगेला' बरोबर. शिंग नपुंसकलिंगी, तिथे पोहोचायचंच असेल तर 'शिंगाला' पोहोचा. मूळ शब्द शीग, स्त्रीलिंगी. जीभ-जिभेला, वीट-विटेला, तसं शीग-शिगेला. 'शीगेला' लिहिणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावं.

आता शीग म्हणजे शिखर, कळस वगैरे सांगून लोक मोकळे होतात, तिथे माझं डोकं फिरतं. शीग धान्याची असते. पायली काठोकाठ भरली, की काठाच्या वर जो निमुळता ढीग उभा राहतो ती शीग. देणारा काठावरून हात फिरवून माप सपाट करतो की शीग राहू देतो, यावरून त्याची दानत कळायची. 'शिगोशीग भरलं' तिथलंच. आणि या ढिगाला स्वतःची मर्यादा असते: शीग पुरी झाली की पुढचा दाणा घरंगळून खाली. म्हणजे शिगेला एकदाच पोहोचता येतं. 'प्रचार आणखीच शिगेला पोहोचला' हे वाक्य ज्याने पायली पाहिलेली नाही त्याचं.

१० सप्टेंबरला फिलाडेल्फियात हॅरिस आणि ट्रम्प यांची वादफेरी झाली, तेव्हाच आमच्या विश्लेषकांनी शीग लावून टाकली. मग २७ ऑक्टोबरला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधल्या ट्रम्प यांच्या सभेत एका विनोदवीराने प्वेर्तो रिकोला 'कचऱ्याचं तरंगतं बेट' म्हटलं. २९ला बायडन कचऱ्यावरूनच असं काही बोलले, की ट्रम्प यांचे समर्थक कचरा की समर्थकाचं बोलणं कचरा, हा वाद इंग्रजीतल्या एका षष्ठीच्या चिन्हावर, म्हणजे supporters की supporter's यातल्या अपॉस्ट्रॉफीवर, येऊन ठेपला. (मराठीत प्रत्ययानेच निकाल लावला असता.) दुसऱ्या दिवशी ट्रम्प विस्कॉन्सिनमध्ये कचऱ्याच्या ट्रकमध्ये चढून बसले. एवढं सगळं घडलं तेव्हा यांच्याकडे शब्दच उरला नव्हता. म्हणून 'आणखीच शिगेला'.

व्युत्पत्तीकडे येऊ. खरी मजा तिथेच आहे. शीग ही शिखेची लेक, असं सांगणारे पंडित पुष्कळ. दिसायला सोपं आहे, पण ध्वनी साथ देत नाहीत. महाराष्ट्री प्राकृतात दोन स्वरांमधल्या ख-घचा ह होतो: मुखाचं मुह, मेघाचा मेह. शिखेची सिहा व्हायला हवी, आणि प्राकृतात ती तशी झालेलीही आहे. मग हा ग कुठून उपटला? 'होतो कधी कधी अपवाद' हे उत्तर झालं नाही, ती पळवाट झाली. माझा कौल शृंगाला. शृंगाचं प्राकृतात सिंग. पुढे अनुनासिक गळून आधीचा स्वर दीर्घ होण्याची आपली जुनी खोड: पंचाचे पाच, दंताचा दात. शृंखलेची साखळीसुद्धा याच वाटेने आली. तसं सिंगचं शीग. जनावराच्या डोक्यावर अनुनासिक राहिलं, मापावरचं गेलं. एका शब्दाचे असे दोन वारस निघणं भाषेला नवं नाही. लिंग बदललं म्हणून कुणी हरकत घेईल. घेऊ दे. 'ख'च्या जागी 'ग' आयता मानून घेणाऱ्यांना लिंगावरून माझ्याशी भांडण्याचा अधिकार नाही. आणि हो, हे पटलं तरी 'शिंगेला' बरोबर ठरत नाही. खापरपणजोबांचं नाव नातवाला चिकटवता येत नाही.

थराचं राहिलंच. थर एकावर एक चढतात, तरी 'या थराला गेला' म्हणताना माणूस नेहमी खालीच गेलेला असतो. त्यामुळे मराठी विश्लेषक कुणाच्या बाजूचा आहे हे दोन मिनिटांत कळतं. आपल्या उमेदवाराचा प्रचार शिगेला पोहोचतो, समोरच्याचा या थराला जातो. हॅरिस यांची २९ ऑक्टोबरची व्हाइट हाउससमोरच्या हिरवळीवरची सभा आणि ट्रम्प यांची गार्डनमधली, दोन्हींसाठी एकच क्रियापद वापरणारा मी तरी ऐकला नाही. त्याहून उघड खूण म्हणजे 'ट्रम्प म्हणाला' पण 'हॅरिस म्हणाल्या', किंवा 'ट्रम्प म्हणाले' पण 'कमला म्हणते'. मतदानाच्या तीन दिवस आधी आयोवाच्या चाचणीत हॅरिस ३ टक्क्यांनी पुढे दिसल्या, तेव्हा एका बाजूची शीग काय लागली म्हणता! प्रत्यक्षात ट्रम्प तिथे १३ टक्क्यांनी जिंकले. त्यानंतर त्या बाजूच्या चर्चांत कळलं, की चाचण्या घेणारे कुठल्या थराला गेलेत.