जुन्या गाडीच्या इंजिन ऑइलमधला धातूचा चुरा पकडायला चुंबक लावावं का?

लावा, पण सैल चुंबक सम्पमध्ये (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीत) टाकू नका. निओडिमियमचं जोरदार चुंबक ठिसूळ असतं, तुकडा सुटला तर ऑइल पंपाच्या जाळीपर्यंत जातो. चुंबक बसवलेला ड्रेन प्लग (ऑइल सोडायचं सम्पचं बूच) हाच सुरक्षित मार्ग. जुन्या गाडीचे आटे वेगळे असतील तर नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या लेथवाल्याकडे मूळ प्लग घेऊन जा, तसाच बनवून मिळेल.

चुंबक मात्र उष्णता सोसणारं हवं. साधं निओडिमियम साधारण ८० अंश सेल्सियसच्या पुढे ताकद गमावू लागतं, आणि कसारा घाट चढताना ऑइल सहज शंभरीच्या आसपास जातं. समेरियम-कोबाल्ट किंवा अल्निको घ्या.

जुन्या गाड्यांना याचा फायदा जास्त, कारण अनेकींत नुसती जाळी किंवा बायपास फिल्टर असतो. बायपासमध्ये एका वेळी थोडंच ऑइल गाळलं जातं. पण चुंबक फक्त लोखंड-पोलाद धरतं: रिंगा, लायनर, कॅम, टॅपेट यांची झीज. बेअरिंगचा व्हाइट मेटल (कथिल-शिशाचा मऊ मिश्रधातू), पितळी बुश, ॲल्युमिनियमचे पिस्टन यांचा चुरा त्याला चिकटतच नाही. म्हणून प्लग स्वच्छ निघाला तरी निर्धास्त होऊ नका. ऑइल पांढऱ्या फडक्यातून गाळून उन्हात बघा, चमक दिसली तर बेअरिंग तपासा.

प्लगवर राखाडी, लोण्यासारखा मऊ थर असेल तर ती नेहमीची झीज. बोटाला टोचणारा कीस किंवा पापुद्रे आले तर गाडी चालवू नका, सम्प उघडून घ्या.

ऑइल वेळेवर बदलणं यामुळे टळत नाही.