संशोधक स्वतःच गरीब घरातून वर आलेला असेल, तर वर्गाबद्दलचं त्याचं संशोधन पक्षपाती होत नाही का?

उत्तर पक्षपाती होईलच असं नाही, पण प्रश्न मात्र घरूनच येतो. मी पदवीच्या मुलांना समाजशास्त्र शिकवतो. हे विचारलं गेलं की फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्द्यूची गोष्ट सांगतो.

नैऋत्य फ्रान्समधल्या बेआर्नमध्ये, एका खेड्यात 1930 चा जन्म. आजोबा दुसऱ्याची जमीन बटाईने करायचे, वडील पोस्टात. पोरगं वसतिगृहात राहून शिकलं, पॅरिसच्या एकोल नॉर्माल या नामांकित उच्चशिक्षण संस्थेत पोचलं. पुढे एकदा गावाकडच्या वर्गमित्राने शाळेचा जुना फोटो दाखवला आणि त्यातल्या जवळजवळ निम्म्या जणांबद्दल सांगितलं, यांची लग्नं होण्यातली नाहीत. दुसरा कोणी हळहळला असता आणि विसरला असता. बोर्द्यूने 1962 साली त्यावर दीर्घ लेख लिहिला. त्यातलं नाताळच्या नाचाचं वर्णन मी वर्गात नेहमी सांगतो. मधोमध शहरी वळणाची तरुण जोडपी नाचतायत, आणि कडेला तिशीच्या आसपासचे शेतकरी नुसते उभे. नाचायला कोणी पुढे होत नाही. त्यांच्यात थोरले, जमिनीचे वारस होते; एके काळी मुलींचे बाप ज्यांच्या दारी यायचे तेच. (सोलापुरात 2022 साली बाशिंग बांधून निघालेला लग्नाळू तरुणांचा मोर्चा आठवला ना?) वर्ग नुसता खिशात नसतो, चालण्याबोलण्यात, अंगात मुरलेला असतो, हा बोर्द्यूचा पुढचा सगळा विचार मला त्या अवघडलेल्या पायांत दिसतो.

आता ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ जॉन गोल्डथॉर्प बघा. यॉर्कशायरमधलं खाणकामगारांचं गाव, 1935 चा जन्म, वडील खाणीत कारकून. हाही शिकून वर आला, ऑक्सफर्डला स्थिरावला. पण बोर्द्यूशी त्याचं पटलं नाही. बोर्द्यू म्हणतो तशी शाळा फक्त शिकल्यासवरल्या घरांतल्या मुलांनाच पुढे काढत असेल, तर अशिक्षित घरांतली इतकी मुलं शिकली कशी, हा त्याचा आक्षेप. मला तो रास्त वाटतो. बोर्द्यू स्वतः त्यांतलाच की!

म्हणजे पार्श्वभूमी मिळतीजुळती, निष्कर्ष वेगळे. पक्षपात शोधायचाच असेल तर दुसरीकडे शोधा. इंग्लंड-वेल्समधली कोण किती वर चढलं हे पाहणाऱ्या गोल्डथॉर्पच्या 1972 च्या प्रसिद्ध पाहणीत सुमारे 10 हजार माणसं होती. सगळे पुरुष. बायकोचा वर्ग नवऱ्याच्या नोकरीवरून ठरवायचा, असं त्याचं म्हणणं. त्यावरून 1980 नंतर स्त्रीवादी अभ्यासकांनी त्याला चांगलंच धारेवर धरलं.